नैरोबीत पे-टीव्हीची नोकरी : मुलाला पाठवावे का?

प्रश्न : मुलगा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा मामा नैरोबीत असतो. तिथल्या एका पे-टीव्ही (वर्गणी भरून बघायच्या टीव्हीच्या) कंपनीत लावून देतो म्हणतो. सगळे मोबाइलवरच बघतात, मग या धंद्यात पोराला घालावे का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तिथला धंदा संपलेला नाही, पण कंपन्या मात्र बघता बघता संपतात. म्हणून मुलाने कंपनीच्या नावापेक्षा हातात काय काम पडणार आहे ते पाहावे.

दक्षिण आफ्रिकेत टीव्हीने जाहिराती पळवल्या, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रसमूहांनीच १९८६ मध्ये एम-नेट ही वर्गणीची वाहिनी काढली. बरीच वर्षे ती संध्याकाळी पाच ते सात फुकट दिसायची. एरवी डीकोडर (आपल्याकडचा सेट-टॉप बॉक्स) असेल त्यालाच. त्याच घरातून १९९५ मध्ये डीएसटीव्ही ही उपग्रह सेवा आली आणि केनियासह खंडभर पसरली. २००७ मध्ये जीटीव्ही ही कंपनी इंग्लिश प्रीमियर लीगचे हक्क घेऊन थाटात उतरली आणि जानेवारी २००९ मध्ये बंदही पडली. वर्गणीदार आणि कर्मचारी दोघेही वाऱ्यावर. खुद्द डीएसटीव्ही चालवणारी मल्टीचॉइस २०२५ मध्ये फ्रान्सच्या कॅनल प्लसच्या ताब्यात गेली.

मामा डिश बसवण्याचे काम म्हणत असतील, तर सरळ नको म्हणा. इंजिनिअरची गरज असते ती पैसे आणि सिग्नल जिथे जोडले जातात तिथे. वर्गणी तिथे बहुतेक लोक महिन्याच्या महिन्याला आगाऊ भरतात, केनियात सर्रास एम-पेसा या मोबाइलवरून पैसे भरण्याच्या सेवेने. मुदत संपली की डीएसटीव्हीच्या पडद्यावर ई-१६ असा संदेश येतो. पैसे भरले की उपग्रहावरून नेमक्या त्याच डीकोडरला परवानगी जाते. त्या वेळी वीज गेलेली असेल, तर पैसे भरूनही चित्र येत नाही, आणि तिकडे सामना सुरू झालेला असतो! ही यंत्रणा सांभाळणे म्हणजे कंडिशनल ॲक्सेस (पैसे भरणाऱ्यालाच चित्र उघडणे), सबस्क्रायबर मॅनेजमेंट (वर्गणीदारांची नोंद ठेवणे) आणि हेडएंडचे (जिथून सगळ्या वाहिन्या एकत्र करून पाठवतात त्या केंद्राचे) काम. वर्गणीदार ओळखणे आणि कार्यक्रम कुलूपबंद ठेवणे ओटीटीलाही चुकलेले नाही, त्यामुळे हे शिकलेले वाया जाणार नाही.

ऑफर लेटरमध्ये विभाग आणि पद स्पष्ट लिहून घ्या. वर्क परमिट कंपनीने आधी काढले पाहिजे. 'या तर खरे, मग बघू' यावर मुलाला विमानात बसवू नका, मामा घरचे असले तरी. तोवर इथल्याच एखाद्या डीटीएच किंवा केबल कंपनीच्या हेडएंडवर इंटर्नशिप मिळवायला त्याला आत्तापासून अर्ज करू द्या.