दुसऱ्यांदा ज्वालामुखी फसफसत नाही? सोडा वाढवू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचा चार वर्षांपूर्वीचा शनिवार आठवला. मुलगा तिसरीत, या आठवड्यात शाळेचं विज्ञान प्रदर्शन, घरी पहिल्यांदा खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी मस्त उसळला, दुसऱ्यांदा नुसते चार बुडबुडे, आणि 'सोडा डबल टाकला तरी काहीच नाही' असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचूनच लिहायला बसले, कारण मी नेमकं हेच केलं होतं.

डोंगर कसा करायचा ते सांगत बसत नाही, कागदाचे तुकडे आणि मैद्याची खळ सगळ्यांनाच माहितीये. आमचा मात्र पीओपीचा होता, आणि मी आतली बाटली पीओपीमध्येच पक्की बसवून टाकली, हलू नये म्हणून. दिसायला एकदम छान. पण एकदा उद्रेक झाला की आतलं पाणी काढणार कसं? पाच-सहा किलोचा डोंगर उलटा करता येत नाही. सकाळी उद्घाटनाला पहिला उद्रेक झाला, टाळ्या वाजल्या, लेक खूश. परीक्षक आले दुपारी दीड वाजता. तोपर्यंत व्हिनेगरच्या बाटलीत तळाशी थोडंसंच उरलेलं, कारण मी एकच छोटी बाटली नेली होती, सोडा मात्र अख्खं पाकीट. मग काय, उरलेलं व्हिनेगर ओतलं, सोडा टाकला, थोडं फसफसलं. अजून एक चमचा टाकला, अजून एक, सहा चमचे झाले आणि डोंगराच्या तोंडात नुसता पांढरा चिखल. परीक्षक मिनिटभर थांबले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पोरगी रडली नाही, नुसती गप्प उभी राहिली, ते मला आजही आठवतं आणि वाईट वाटतं. बाटली रिकामी करायला कुठे जागा आहे का म्हणून संयोजकांच्या टेबलावर विचारायला गेले तर 'ते तुमचं तुम्ही बघा' एवढंच उत्तर. लहान मुलांचं प्रदर्शन भरवता, पाण्याचे प्रयोग मागवता, आणि एक बादली ठेवता येत नाही? असो.

मी केमिस्ट्रीवाली नाही, कॉमर्सची आहे, पण त्या रात्री बसून हिशोब केला. बाजारातल्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे 100 मिलीत 4 ग्रॅम. 60 ग्रॅम अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडला 84 ग्रॅम खायचा सोडा लागतो, त्यामुळे 4 ग्रॅमला साडेपाच-पावणेसहा ग्रॅम सोडा पुरे, म्हणजे चहाचा एक चमचा आणि वर चिमूटभर. एवढंच!! त्यातून होणारा कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त दीड लिटरच्या आसपास. त्याच्यावर कितीही सोडा टाका, तो तळाशी बसून राहणार, कारण अ‍ॅसिडच संपलेलं असतं. कमी पडत असतं ते व्हिनेगर, आणि आपण सगळे वाढवतो सोडा. शिवाय पहिल्या वेळचं पाणी बाटलीत तसंच असेल तर नवीन व्हिनेगर त्यात पातळ होऊन जातं. तुमचंही तेच होत असणार असं मला वाटतं, बाटली न बघता सांगतेय हां.

म्हणून एकच करा, बाटली सुटी ठेवा. डोंगराला मधे भोक ठेवायचं, त्यात बाटली नुसती खाली सोडायची, अशा तीन-चार सारख्या छोट्या बाटल्या घरूनच व्हिनेगर, दोन थेंब भांड्याचा लिक्विड साबण आणि रंग घालून भरून न्यायच्या. परीक्षक आले की नवी बाटली आत, आणि सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून वरून टाकायचा, म्हणजे मुलाला हात मागे घ्यायला क्षणभर वेळ मिळतो. साबण विसरू नका, तो नसेल तर वायू तसाच उडून जातो आणि फेस वर येत नाही. खाली परात. सोडा टाकल्यावर बाटलीचं झाकण मात्र कधीही लावायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही, आत वायू कोंडला की बाटली फुटते. डोळ्याला चष्मा असला तर बरं, व्हिनेगर डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं.

व्हिनेगरचा वास नको असेल तर 100 मिली पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवा, त्याला अडीच चमचे सोडा लागेल, फेस व्हिनेगरपेक्षा जास्तच येतो. दुकानातून बेकिंग पावडर उचलून आणू नका, ती वेगळी, तिच्यात आधीच कोरडं अ‍ॅसिड मिसळलेलं असतं. आणि थर्माकोलचा डोंगर असेल तर त्यावर स्प्रे पेंट नको, थर्माकोल विरघळतो.

अजून एक, कुणी नारिंगी खडे पेटवून हिरवी राख उडवणारा ज्वालामुखी करा असं सुचवलं तर सरळ नाही म्हणा. ते अमोनियम डायक्रोमेट, त्यातलं क्रोमियम कॅन्सरकारक आहे. आमच्या लहानपणी शाळेत सर्रास करायचे, म्हणून आपण मुलांसमोर करायचं असं नाही.

आता परीक्षक काय विचारतात ते. खऱ्या ज्वालामुखीत सोडा-व्हिनेगर असतं का, हा प्रश्न येतोच. मुलाला सांगून ठेवा की नसतं, तिथे वितळलेला खडक असतो, पण त्यात विरघळलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दाब कमी झाला की बाहेर पडतात आणि लाव्हाला वर ढकलतात, म्हणजे वायू ढकलतो हे आपल्या मॉडेलमध्ये खरं आहे. माझं तर स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रातल्या मुलाने नुसता टोकदार डोंगर करून थांबू नये. आपला सह्याद्री 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय, आणि तो लाव्हा अशा एका डोंगराच्या तोंडातून नाही, जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून आला. घाटात कड्यावर पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. लेकीने पुढच्या वर्षी पुठ्ठ्याला लांब चीर पाडून खालून पिळण्याच्या बाटलीने रंगीत खळ वर आणली, एक थर वाळला की दुसरा, असे चार थर दिले. त्याला फेस नाही, आवाज नाही, पण परीक्षक दहा मिनिटं तिच्याशी बोलत होते.

तुमची बाटली चिकटवलेली असेल तर तसं लिहा, प्लास्टिकची असेल तर वरचा भाग कापून आत कागदी कप बसवता येईल. आणि व्हिनेगर निदान अर्धा लिटर तरी न्या.