अशनींच्या संग्रहाची वाटणी

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या ४१ अशनी (आकाशातून पडलेले दगड) घरात आहेत. मृत्युपत्र नाही. धाकटा भाऊ म्हणतो, मोठे दगड कापून आम्हा तिघा भावंडांत वाटू आणि परदेशी गिऱ्हाइकाला विकू. सहा तुकडे एका महाविद्यालयाकडे आहेत. वडिलांनी ते तोंडी देऊन टाकले होते, असं तिथले लोक म्हणतात. काय करावं?

उत्तर : आधी करवत थांबवा. काळी जळकी साल शाबूत असलेला अख्खा दगड एकदा कापला की त्याचं मोल परत येत नाही. शिवाय वाटणीआधी एकानं परस्पर कापला, तर बाकीचे वारस त्याच्याकडून भरपाई मागू शकतात.

‘तिघां’चा हिशेबही तपासा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू असेल तर तुम्हा भावंडांच्या बरोबरीनं आईला हिस्सा आहे, आणि वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. आजीची सही राहून गेलेली वाटणीपत्रं पुढे हमखास अडतात. सक्सेशन सर्टिफिकेटसाठी (उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी) कोर्टात जाऊ नका. ते येणी आणि रोख्यांसाठी असतं, दगडांसाठी नव्हे. सगळ्यांच्या सह्यांचं वाटणीपत्र पुरे, पण त्याला जोडलेली यादी चोख हवी : क्रमांक, ग्रॅममध्ये वजन, पट्टी शेजारी ठेवून चार बाजूंनी फोटो, खरेदीची पावती आणि वडिलांच्या हातची चिठ्ठी. फोटोसाठी सगळे डबे एकाच ट्रेमध्ये रिकामे केले की कुठली चिठ्ठी कुणाची ते कळत नाही, आणि बेवारस चिठ्ठीचा दगड विकतानाही अडतो. म्हणून एका वेळी एकच डबा उघडा.

महाविद्यालयाचा दावा कागदावर ठरेल. जंगम वस्तूचं दान नोंदणीकृत दस्तानं किंवा प्रत्यक्ष ताबा देऊन पुरं होतं. म्हणजे तोंडी दानही चालतं, पण ताबा दान म्हणूनच दिलेला हवा. पोचपावतीवर ‘अभ्यासासाठी’ असं असेल तर ती ठेव ठरते. लेखी मागणी करा. नकार आला तर त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो.

परदेशी विक्रीची घाई नकोच. दगड पडला कुठे, यावर बरंच ठरतं. नामिबियात तिथे पडलेल्या गिबिऑन या लोखंडी अशनीच्या तुकड्यांना संरक्षण आहे. अर्जेंटिनानं २००७ मध्ये अशनींना सांस्कृतिक ठेवा मानणारा कायदा केला. तिथले तुकडे कधी बाहेर आले, हे दाखवणारं जुनं बिल नसेल तर गिऱ्हाईक मागे हटेल किंवा माल जप्त होईल.

संग्रहात भारतातला दगड असेल, समजा काटोलला २२ मे २०१२ रोजी पडलेल्यांपैकी, तर तो वेगळा काढा. आपल्याकडे अशनींसाठी स्वतंत्र कायदा नाही, पण राष्ट्रीय संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि सरकार हक्क सांगू शकतं. सर्वेक्षणाला रजिस्टर्ड पत्रानं कळवा, पोच जपा, उत्तर येईपर्यंत विकू नका.

तोवर ताबा कुणाकडे, तेही लिहून ठेवा. लोखंडी अशनी दमट हवेत गंजतात, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल. पाण्यानं धुऊ नका. नाहीतर गंज कुणाच्या ताब्यात चढला, यावरून नवा वाद उभा राहील.