पुण्यात महापालिकेने दवाखाने चालवण्यापेक्षा गरिबांना सरळ विम्याचं कार्ड दिलं तर काय बिघडलं?

पुष्कळ बिघडेल. हाच प्रश्न माझा थोरला भाऊ मला दर भाऊबीजेला विचारतो, म्हणून लगेच लिहायला बसले. मी पुण्यात २८ वर्षं एएनएम, म्हणजे वस्तीत घरोघरी जाणारी सिस्टर होते, त्यातली १७ पर्वतीच्या उतारावर, जनता वसाहतीत, फील्डवर.

२००९ चा ऑगस्ट. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला होता. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा लागायच्या आणि आमच्यातल्या निम्म्या जणींची ड्युटी तिकडे लावलेली. गृहभेटी मागे पडल्या. पण माझ्या रजिस्टरमध्ये आठव्या महिन्यातली एक पहिलटकरीण होती. दोन महिने तपासणीला आली नव्हती आणि ती काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. ड्युटी संपल्यावर वर चढले. पाऊस असला की तिथल्या पायऱ्यांवरून पाणी धावतं. बीपीचं मशीन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलं होतं.

ती अंधारात भिंतीकडे तोंड करून पडलेली. डोकं फुटतंय म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. बीपी १७०/११०, गरोदर बाईला जिवावर बेतेल इतकं. सासूबाई म्हणाल्या, पित्त आहे, सकाळपासून कोकमाचं सरबत देतेय. नवऱ्याने आदल्या दिवशी खालच्या रस्त्यावरच्या एका खासगी रुग्णालयात नेलं होतं. तिथे म्हणाले, आधी वीस हजार अनामत भरा. तो रंगकाम करणारा माणूस, कुठून आणणार? तिला घेऊन परत आला.

शेजारच्या दोन पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. रिक्षात मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि स्वारगेटच्या गर्दीत रिक्षावाल्यावर ओरडत होते. ससून या सरकारी रुग्णालयाच्या दाराशी तिला फिटचा झटका आला. घरात आला असता तर पायऱ्या उतरेपर्यंतच सगळं संपलं असतं. आत नेल्या नेल्या झटके थांबवणारं मॅगसल्फ हे औषध सुरू झालं, रात्री सिझर, १ किलो ८०० ग्रॅमची मुलगी. दोघी जगल्या.

हे ऐकून दादा म्हणतो, तुझ्या वर्षाच्या पगारात दहा बायकांची खासगीत बाळंतपणं झाली असती. दादा बँकेत होता, हिशेब त्याचा पक्का. पण त्या बाईच्या हातात कार्ड असतं तरी त्या दिवशी ती अंधारातच पडून राहिली असती, कारण तिच्या घरात त्या दुखण्याचं नाव पित्त होतं. कार्डाचा उपयोग दाखल झाल्यावर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरावीक उपचारांना आणि दाखल झालेल्या माणसाला. महिन्याच्या बीपीच्या गोळ्या, चुकलेली तपासणी, दार वाजवायला गेलेली सिस्टर, यातलं काही त्यात बसत नाही. महापालिकेची शहरी गरीब योजनाही खासगी रुग्णालयाच्या बिलातला वाटा उचलते. तो पैसा जिथे मोठी रुग्णालयं आहेत तिथे जातो आणि वस्तीत वर्षअखेर त्यातलं काहीच उरत नाही. दवाखान्यावर खर्च केला तर खोली राहते, रजिस्टर राहतं, कुठल्या घरात कोण गरोदर आहे हे माहीत असलेली बाई राहते.

जीबीएसचंच बघा, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात साथ आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत आलेली. धरण उशाशी, आणि नळाला शुद्धीकरण केंद्रातून न गेलेलं विहिरीचं पाणी. लोकांचे हातपाय लुळे पडले, कुणाला व्हेंटिलेटर लागला, इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शनं लागली. कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची घोषणा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण शुद्धीकरण केंद्रावरचा खर्च आरोग्याचाच आहे. अर्थसंकल्पात तो आरोग्य खात्याच्या पानावर दिसत नाही, म्हणून कार्डवाल्यांच्या हिशेबात येत नाही.

तुम्ही महापालिकेच्या अर्थसंकल्पात 'आरोग्य' शब्दापुढचा आकडा बघून मत बनवू नका. किती पदं भरली आणि किती जणी अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर आहेत, ते विचारा. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आलं. त्याच्या निकषानुसार ५० हजार वस्तीला एक शहरी आरोग्य केंद्र आणि साधारण १० हजार लोकांमागे एक एएनएम. अकरा महिन्यांनी ऑर्डर पुन्हा निघेल की नाही याची धास्ती असलेल्या पोरीला दोन महिने न आलेली बाई कशी आठवणार? नवीन इमारतीची फीत कापायला सगळे येतात, रिकाम्या पदाचा फोटो कुणी काढत नाही.

हेही सांगते, कार्ड नकोच असं माझं म्हणणं नाही. हृदय, कॅन्सर, डायलिसिस, इथे ते लागतंच, मी स्वतः कित्येकांचे कागद करून दिलेत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, ते मागून घ्या, कुणी आपणहून सांगत नाही. आणि सरकारी दवाखान्यात पेशंटवर खेकसणाऱ्या माझ्या मैत्रिणीही होत्या. तिथे दादाचं बरोबर आहे.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की घरी काम करणाऱ्या मावशींसाठी कार्ड काढायचा विचार आहे. काढा. पण त्याआधी या आठवड्यात एक दिवस त्यांना जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात पाठवा, बीपी आणि साखर तपासून घेऊ दे. ओपीडी सकाळची असते, म्हणजे नेमकी त्यांच्या कामाची वेळ. त्या दिवशीचा पगार कापू नका.