आधी दुरुस्ती, मग बाकीचं

प्रिय मुली,

काँट्रॅक्टरचं अंदाजपत्रक वाचलं. खिडक्या काढायच्या, बाथरूमच्या टाइल्स काढायच्या, जेवणघराची कमान पाडायची, कौलं उतरवून टाकायची. मग उरतं काय, पत्ता?

पॅसडिनातलं १९२६ सालचं घर तू हौसेनं घेतलंस. १९१५ च्या सॅन डिएगोच्या प्रदर्शनानंतर कॅलिफोर्नियात या स्पॅनिश धाटणीच्या घरांचं वेड पसरलं, त्याच लाटेतलं हे. काय ठेवू, काय बदलू, असं विचारतेस. जे दुरुस्त होतं ते बदलायचं नाही. बस.

छप्पर गळतंय म्हणे. अगं, बहुतेक वेळा दोष कौलांचा नसतो, त्यांच्याखालचा डांबरी कागद कुजलेला असतो. भाजलेल्या मातीचं कौल शंभर वर्षं टिकतं, कागद काही दशकंच. कौलं जपून उतरवायची, नवा कागद घालायचा, तीच परत चढवायची. फुटली असतील तेवढी सॅल्व्हेज यार्डातून, म्हणजे पाडलेल्या घरांचं सामान विकतात तिथून, आणायची. नवी घ्यावीच लागली तर ती मागच्या उतारावर. तुझं आजोळ कोकणातलं, शाकारणी मी तुला शिकवायची?

खिडक्यांचंही तेच. त्या काळचं डग्लस फर जुन्या जंगलातलं, दाट वलयांचं. तसं लाकूड आज दुकानात मिळत नाही. खिडकी उघडत नाही कारण रंगाचे थर चिकटलेत. मात्र रंग स्वतः खरवडत बसू नकोस. घर १९७८ च्या आधीचं, म्हणजे त्यात शिसं आहे असंच धरायचं आणि प्रमाणपत्र असलेला माणूस लावायचा. व्हायनलची, म्हणजे प्लास्टिकची, खिडकी बिघडली की बहुतेकदा अख्खी फेकावी लागते, हे तो काँट्रॅक्टर सांगणार नाही.

टाइल्सना तर हात लावू देऊ नकोस. मालिबू पॉटरीज ही टाइल्सची कंपनी १९२६ ते १९३२ एवढीच चालली. तुझ्या टाइल्स तिथल्याच आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या काळचा माल फुटला की गेला. माझ्या एका गिऱ्हाइकानं मी गावाला गेले असताना बाथरूम फोडून सगळं डंपस्टरमध्ये घातलं. मी काम सोडलं, पैसेही बुडाले. पैशांची खंत नाही, त्या निळ्या टाइल्स अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

हेकट म्हणतात मला. म्हणोत. माझं स्वयंपाकघर अजून अरुंद आहे, दिवाळीला दोघी फराळ करायला उभ्या राहिल्या की तिसरीला जागा नसते. नणंद दरवर्षी भिंत पाडायला सांगते. मी नाही पाडली, आणि चकल्या काही अडल्या नाहीत.

पैसा खर्चायचाच ना? मग जुनं वायरिंग बदल, गंजलेले पाइप बदल. घर पायाला बोल्टनं जखडून घे, जमिनीखालच्या बुटक्या लाकडी भिंतींना प्लायवुड ठोकून घे. न जखडलेलं घर भूकंपात पायावरून सरकू शकतं. तिथे हात आखडता घेऊ नकोस. भिंतीआडचं खुशाल नवं कर, दिसणारं आधी दुरुस्त कर.

शिवाय शहराच्या नियोजन खात्यात मिल्स ॲक्टची चौकशी कर. कायदा १९७२ चा आहे. घर ऐतिहासिक म्हणून नोंदलं गेलं आणि शहरानं करार केला, तर मालमत्ता कर बराच उतरू शकतो. करार किमान दहा वर्षांचा असतो, घराची निगा राखण्याची जबाबदारी तुझी. कमान पाडून झाल्यावर अर्ज करायला जाऊ नकोस म्हणजे झालं.

त्या अंदाजपत्रकावर सही करू नकोस. शनिवारी येते. शिडी तयार ठेव, आणि त्या काँट्रॅक्टरलाही बोलाव.

तुझी,
काकू