पहिला फॅन व्हिडिओ टाकण्याआधी

फॅन व्हिडिओ म्हणजे आवडत्या सिनेमाची दृश्यं गाण्यावर जुळवून केलेला व्हिडिओ. त्यात दुसऱ्याच्या सिनेमाची दहा सेकंदांची क्लिप चालते, असं इंदुरात कुणीही सांगेल. असा नियम कुठेच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका-समीक्षेला सूट देतं, गाण्यावर नुसती दृश्यं जुळवण्याला नाही. म्हणून तुझं स्वतःचं भाष्य हवंच.

यूट्यूबवर आधी अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) अपलोड कर, तपासणी होऊ दे. कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं-दृश्य आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा. तिचा क्लेम म्हणजे स्ट्राइक (मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढल्याची नोंद) नव्हे, घाबरू नकोस. बऱ्याचदा गाणंच पकडलेलं असतं, ते बदल. स्ट्राइक मात्र जपून: ९० दिवसांत तीन आल्या की चॅनल बंद होऊ शकतं. काउंटर नोटीस, म्हणजे व्हिडिओ काढण्यावरची तुझी हरकत, अमेरिकी कायद्याखाली जाते, तुझं खरं नाव-पत्ता तक्रारदाराकडे पोचतो. बाजू पक्की नसेल तर पाठवूच नकोस.

भारतात जुना सिनेमा प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइटमधून मोकळा होतो. त्यातल्या गाण्याचे शब्द आणि चाल मात्र कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी.