गोव्यात गावपातळीवरचा हौशी रग्बी क्लब कधी होता का? होता तर त्याचं काय झालं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात कॉलेजला असताना रग्बी खेळायचात, आता नोकरीसाठी फोंड्याला आलात, आणि इथे वाड्यावाड्यावर फुटबॉल दिसतो पण रग्बी कुठेच नाही. असा एखादा क्लब इथे होता का, असं विचारलंय.

होता. डिचोली तालुक्यात, आमच्या गावात. 2011 ते 2018 अशी सात वर्षं चालला. मी तिथल्या हायस्कुलात पीटीचा शिक्षक. बीपीएड करायला पुण्याला होतो तेव्हा हा खेळ अंगात भिनला, आणि गावातल्या पोरांच्या हातात तो लांबोडका चेंडू पहिल्यांदा दिला तो मीच. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

गोव्यात रग्बी मुळातच का नव्हती, ते आधी सांगतो. भारतात हा खेळ आला गोऱ्या पलटणी आणि व्यापाऱ्यांबरोबर. 25 डिसेंबर 1872 ला कोलकात्यात इंग्लंडकडचे लोक एका बाजूला आणि स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सचे दुसऱ्या बाजूला असा सामना झाला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1873 मध्ये, कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. नाव फुटबॉलचं, खेळ रग्बीचा. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने तो धरून ठेवला. जिथे इंग्रजांचा तळ, तिथे रग्बी. गोव्यात 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीज. त्यामुळे इथे ही वाटच नव्हती. इथे 1883 मध्ये शिवोलीला फादर विल्यम लायन्स नावाच्या पाद्रीने शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवला आणि तो घरोघरी गेला. गंमत बघा, त्याच 1883 मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावी नेड हेग या खाटकाने क्लबला चार पैसे मिळावेत म्हणून सात-सात जणांच्या रग्बीची कल्पना काढली. आम्ही खेळायचो ती हीच सात जणांची रग्बी. सात मिनिटांचे दोन डाव. छोट्या गावाला परवडेल अशी रग्बी तेवढीच.

आता आमचं. पहिला प्रश्न जमिनीचा. आमच्या शाळेचं मैदान सड्यावर, जांभ्याचं. फुटबॉल त्यावर होतो, कारण फुटबॉलमध्ये पडणं हा अपघात असतो. रग्बीत पडणं हाच खेळ. जांभ्यावर एकदा घसरलात की कोपरापासून मनगटापर्यंतची साल तिथेच राहते. म्हणून आम्ही खाली शेतात उतरलो. ऑक्टोबरच्या शेवटी भात कापून झालं की ज्या शेतात वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, करत नाहीत ते मेपर्यंत मोकळंच असतं. शेतवाल्याकडे गेलो, तो म्हणाला, "मेरा (बांध) मोडू नका, बाकी काय ते खेळा." एवढ्यावर क्लब सुरू झाला. पहिला महिना भाताची खोडकं नडगीला टोचायची, डिसेंबरपर्यंत ती पायाखाली मोडून जायची. दुपारी गुरं चरून गेली की आधी शेण उचलायचं आणि मग मैदानाच्या रेषांना चुना मारायचा. हे काम आळीपाळीने, मोठ्या पोरांनाही सुटका नाही.

पोरं सगळी फुटबॉलची. रग्बीत हाताने चेंडू द्यायचा तो मागेच, पुढे नाही. हे त्यांच्या डोक्याला लगेच कळलं, पायांना कळायला चार महिने गेले. चेंडू एकाच्या हातात आला की बाकीचे सहा सवयीने पुढे सुसाट आणि "दे, दे" म्हणून ओरडणार. ज्याच्या हातात चेंडू तो एकटा, मागे कुणी नाही. मी एक युक्ती केली. शेताच्या रुंदीत जुनी नायलॉनची दोरी धरायला लावली, सात जण एका ओळीत, दोरी हातात ठेवून धावायचं, ती कुठे पुढे ताणली जाता कामा नये. ती दोरी अजून माझ्याकडे आहे.

टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, शिकवायला सगळ्यात जास्त वेळ घेतला, आणि तरी माझी चूक झाली ती तिथेच. गाल समोरच्याच्या मांडीला, डोकं त्याच्या पाठीकडच्या बाजूला, पुढे कधीच नाही, हे मी रोज सांगायचो. 2014 च्या जानेवारीत एक नववीतला मुलगा उशिरा आला, त्याला पडण्याचा सराव न करवताच मी खेळात घेतला आणि स्वतः कडेला उभा राहून शिट्टी वाजवत होतो. त्याची हंसळी मोडली. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याची आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "सर, आंब्यावरून पडला असता तर मी झाडाला बोलले नसते. पण उद्यापासून तुम्ही कडेला नाही, आत उभे राहा." त्या दिवसापासून मी आतच राहिलो. तुम्ही कधी मुलांना शिकवणार असाल तर एवढं माझं ऐका: ज्याला पडता येत नाही त्याला त्या दिवशी सामना नाही, मग तो कितीही रडो. तोच मुलगा पुढे आमचा सगळ्यात भरवशाचा टॅकलर झाला.

पैशाचं सांगायचं तर आमचा भाग खाणींचा. क्लब निघाला तेव्हा दर तिसऱ्या पोराच्या घरी ट्रक होता आणि जर्सी, चेंडू, प्रवास यांचा खर्च कुणीतरी बाप हसत करायचा. 2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि ते ट्रक रस्त्याकडेला उभे राहिले ते टायर बसेपर्यंत. आम्ही फुटबॉलच्या पातळ जर्सींवर खेळायला लागलो. त्या रग्बीत एका ओढीत फाटतात. दर सोमवारी कुणाची ना कुणाची आई शिवणयंत्रावर बसलेली असायची.

पण खरं सांगतो, पैशाने आम्ही संपलो नाही. दुखापतीनेही नाही. आम्हाला समोर संघच नव्हता.

आम्ही सोळा-सतरा जण. दर रविवारी दोन तुकड्या पाडायच्या आणि आपसात खेळायचं. दोन वर्षांत अशी वेळ आली की कोण डावीकडून कट मारणार, कोण ऐनवेळी चेंडू सोडणार, हे डोळे मिटून सांगता यायचं. खेळ वाढायचा थांबला. पुण्याला दोनदा गेलो, एका बापाच्या टेम्पोतून, रात्रभर. पहिला सामना 38-0 हरलो. दुसऱ्या दिवशी आमचा सगळ्यात चपळ पोरगा तिघांना चुकवून शेवटची रेषा ओलांडून गेला आणि चेंडू छातीशी धरून उभाच राहिला. फुटबॉलमध्ये रेषा ओलांडली की गोल. इथे चेंडू जमिनीला टेकवल्याशिवाय ट्राय नाही. आम्ही सगळे कडेवरून एका आवाजात ओरडलो, "टेक! टेक!" त्याने टेकवला. पाच गुण. परतीच्या वाटेवर आंबोली घाट उतरेपर्यंत टेम्पोत कुणी झोपलं नाही. तो एक सामना पोरांना वर्षभर पुरला. दर महिन्याला असा एक मिळाला असता तर क्लब आजही असता.

कोलकात्याच्या त्या पहिल्या क्लबचंही दुखणं बरंचसं हेच होतं. पहिल्या वर्षातच त्यांचे शंभरावर सभासद झाले होते. मग क्लबातली फुकटची दारू बंद झाली, पलटण हलली, उरलेले लोक टेनिस आणि पोलोकडे वळले आणि खेळायला समोर कोणी राहिलं नाही. त्यांनी क्लब बंद केला, बँकेतले 270 चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि तिथल्याच कारागिरांकडून चषक घडवून घेतला. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. 1878 मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. 1879 पासून इंग्लंड-स्कॉटलंड सामना त्याच कलकत्ता चषकासाठी होतो. हे मी पोरांना सांगायचो तेव्हा ती गप्प बसून ऐकायची. आपल्याकडच्या चांदीचा चषक तिकडे दरवर्षी खेळतात, ह्याचं त्यांना फार अप्रूप होतं.

2016 च्या ऑलिंपिकमध्ये सात जणांची रग्बी आली. अंतिम सामन्यात फिजीने ब्रिटनला 43-7 हरवलं, त्या देशाचं पहिलंवहिलं पदक, तेही सुवर्ण. आमची पोरं महिनाभर मोबाईलवर तेच बघत होती. तेव्हा वाटलं की आता आजूबाजूला दोन-तीन संघ उभे राहतील. मी साखळी आणि पेडण्याच्या बाजूच्या तीन शाळांत जाऊन चेंडू देऊन आलो. एका ठिकाणी महिनाभर चाललं, बाकी दोन ठिकाणी मैदान फुटबॉलला आधीच दिलेलं. मी त्यांना दोष देत नाही. फुटबॉल खेळणाऱ्या पोराला कधी ना कधी एखाद्या कंपनीच्या संघात नोकरी मिळाल्याची उदाहरणं त्यांच्या डोळ्यांसमोर होती, रग्बीचं एकही नव्हतं.

मार्च 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या आणि वर्षभरात आमची मोठी पोरं वेर्ण्याला कारखान्यात, कोणी हॉटेलात, दोघं जहाजावर अशी पांगली. आठ जणांच्या खाली आलो त्या रविवारी मी चुना मारला नाही.

2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यात रग्बीही होती. जुन्यांपैकी पाच जण सुटी काढून आले. हिरव्यागार गवतावर महाराष्ट्राच्या, ओडिशाच्या पोरापोरींना जिवाच्या आकांताने पडताना बघून आमच्यातला एक जण, तोच हंसळीवाला, हळूच म्हणाला, "सर, ह्या गवतावर पडायला किती बरं वाटत असेल."

त्याच आठवड्यात आम्ही परत सुरू केलं. आता शेत नाही, समुद्र. ओहोटीला पणजीच्या मिरामार किनाऱ्याची ओली वाळू पडायला भातशेताहून चांगली, आणि रुंदीही भरपूर. भरतीचं वेळापत्रक बघून रविवार ठरतो, कधी सकाळी सहाला, कधी दुपारी चारला. सध्या नऊ जण आहोत, दोन मुली धरून. फोंड्याहून पणजी तासाभराची वाट. पुण्यात खेळलेले आणखी कोणी तुमच्या ओळखीत इकडे आले असतील तर त्यांनाही आणा. चौदा झालो की दोन संघ होतात.