चिपळूणमध्ये राहून आधुनिक कलेच्या जुन्या प्रदर्शनांचे कॅटलॉग कुठे वाचता येतील? मुंबईला जावंच लागेल का?

नाही, मुंबई गाठायची गरज नाही. बरेच कॅटलॉग घरबसल्या, फुकट वाचता येतात. मी रत्नागिरीत बसून हेच करतो. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं 1929 पासूनच्या आपल्या प्रदर्शनांची नोंद 2016 मध्ये ऑनलाइन खुली केली. त्यात अनेक कॅटलॉगच्या पीडीएफ आहेतच, शिवाय दालनांचे फोटो आणि चित्रांच्या याद्याही. न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम कला संग्रहालयाचे दोनशेच्या वर कॅटलॉग इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात आहेत. आपल्याकडच्या प्रदर्शनांसाठी मात्र हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हकडे वळा. कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम यांचा संग्रह तिथे स्कॅन करून ठेवलाय. आधी तोच उघडा, असं मी म्हणेन.

एक मात्र ध्यानात ठेवा: कॅटलॉग बहुधा उद्घाटनाच्या आधीच छापून होतो. ऐनवेळी एखादं चित्र येत नाही, एखादं वाढतं. त्यामुळे भिंतीवर नेमकं काय होतं हे लिहायचं असेल, तर दालनाच्या फोटोंशी ताडून बघा. आणि रंगांसाठी स्कॅनवर अजिबात विसंबू नका. मूळ चित्रं बघायला देवरूखचं लक्ष्मीबाई पित्रे कला संग्रहालय तुम्हाला जवळच आहे.